न्हाईमाय

तुमच्या घरातल्या लेकीने काही मागितलं, की तुम्ही घरच्यांना जो प्रश्न विचारता, त्या प्रश्नाच्या शेवटी कोणता शब्द असतो?

घाईने उत्तर देऊ नका. मीही घाई करणार नाही. हा प्रश्न मला कुठे सापडला ते सांगायचं तर आधी आमच्या डोंगरावर यावं लागेल, आणि तो डोंगर घाईने चढता येत नाही.

उन्हाळ्यात तो डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाळून पिवळा पडायचा. गवत कुरकुरीत, पळसाच्या शेंगा खडखडीत, किल्ल्याच्या पडक्या बुरुजावरचा दगडसुद्धा तव्यासारखा तापलेला... आणि त्या सगळ्या पिवळेपणात, बुरुजाच्या बरोबर खाली, घाणेरीचं एकच झुडूप हिरवंगार. त्याच्या मागे कातळात एक काळं तोंड होतं आणि त्या तोंडातून बाराही महिने गार वारा यायचा. झुडपाची पानं कायम हलत असायची. आजूबाजूला एक पान हलत नसलं, तरी ती हलायची. लहानपणी मला वाटायचं, डोंगर श्वास घेतो तो इथूनच.

सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या बाजारातून जीप पकडून थोडं आत गेलं की आमचं गाव. डोंगराच्या एका अंगाला गाव, त्याला लागून आमची बौद्ध वस्ती, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा. माझे वडील गोरेगावात सायकली दुरुस्त करायचे. त्यांची धाकटी बहीण, माझी कांताआत्या, त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणू लागले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. गुलाबी, पिवळी, पोपटी. पातळ कागदावर छापलेली, बोटाला शाई लावणारी, एका बाजूची अक्षरं दुसऱ्या बाजूला उलटी उमटलेली. दादा ती हिंगोलीहून गठ्ठ्याने आणायचे आणि पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकांच्या हातात द्यायचे. दारूबंदी, हुंडा, शाळेतली गळती, जयंतीची सभा. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली, त्यामुळे मला पूर्णविरामाआधी उद्गारचिन्ह ओळखता येऊ लागलं. भाकरीच्या दुरडीत पत्रक, धान्याच्या कणगीवर पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेवर पत्रक... रॉकेल आणि शाई यांचा मिळून एक वास असतो. तो आला की मला अजून कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

पण गुहेपाशी गेलं की भांडणं गळून पडत. तिथे फक्त प्रश्न पडत.

पहिला प्रश्न चवीचा होता. आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर पांढरट, खरखरीत थर होता आणि तो खारट लागायचा. आमच्या वयाच्या प्रत्येक पोराने ती भिंत चाटलेली होती. तांड्यावरची सकरीबाई तिथल्या उतारावर शेळ्या चारायची. हातभर पांढऱ्या बांगड्या, तोंडात तंबाखू आणि जिभेला धार. ती सांगायची, की तिच्या पणज्याच्याही आधीच्या काळी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. एकदा वादळात सापडलेल्या तांड्याने सगळं मीठ या गुहेत ठेवलं. पाऊस थांबेना, मीठ विरघळून दगडात गेलं, आणि तांडा मिठाची राखण करत इथेच राहिला, तो आजवर.

"चाट, चाट," ती मला म्हणायची. "पर समदी खाऊ नको, पोरी. किल्ला खाली येईल."

गावातली कथा निराळी. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा राणी दागिन्यांसकट या भुयारात उतरली आणि थेट पूर्णेच्या काठी निघाली, सिद्धेश्वरकडे. पुरावा काय? तर कुणाच्या तरी आजोबांनी बैलाच्या गळ्यातली घंटा आत फेकली होती, ती नदीत सापडली. आमच्या वस्तीत म्हणत, इथे भिक्खू पावसाळ्यात वर्षावासाला राहत. मला ती कथा सगळ्यांत आवडायची. एकदा दादा टॉर्च घेऊन आत गेले आणि दुपारभर भिंती तपासत राहिले. बाहेर आले तेव्हा केसांत वटवाघळांची घाण, गुडघे खरचटलेले, चेहरा उतरलेला.

"छिन्नीची एक खूण न्हाई," ते म्हणाले. "डोंगरानंच केलेली गुहा हाय. भिक्खू राहिले असतील बी, पर मला दिसलं न्हाई. पत्रकात खोटं छापत नसतेत."

तीन वस्त्या, तीन कथा, आणि गुहा एकच. तिने कुणालाच खोटं पाडलं नाही, कुणालाच दुजोरा दिला नाही. तिच्यात मूर्ती नव्हती, पुजारी नव्हता, दार नव्हतं. म्हणून तिथे यायला कुणाला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि म्हणूनच तिचा तो जुना रिवाज तिन्ही वस्त्यांचा होता – गुहेला विचारायचं.

कसं विचारायचं, ते ठरलेलं होतं. तोंडापाशी एक सपाट दगड होता. त्यावर अनवाणी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि आत तोंड करून मोठ्याने, एकदाच विचारायचं. एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही. मग गुहा बोलायची. आतून, दूरच्या वळणावरून, बाईचा की पुरुषाचा सांगता येणार नाही असा आवाज यायचा – "न्हाई... न्हाई..." विहीर खणावी? न्हाई. बैल विकावा? न्हाई. ती बहुतेक वेळा हेच म्हणायची, म्हणून तिचं नाव न्हाईमाय. आमच्याकडे लेकरं हट्टाला पेटली की आया म्हणत, "थांब, न्हाईमायला इचारते."

प्रतिध्वनी कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात तो होता, गुरुजींनी फळ्यावर चित्रही काढलं होतं. पण प्रतिध्वनी पुस्तकात राहत होता आणि न्हाईमाय डोंगरात. त्या दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. की लोकांनाच ती पडू द्यायची नव्हती? हे मला पुढे कळलं, एका स्थळाच्या निमित्ताने.

हळद शिजवायचे दिवस होते. शिवारभर कढया पेटलेल्या आणि तो ओला, मातकट, किंचित औषधी वास थेट किल्ल्यापर्यंत चढलेला. वारंगा फाट्याच्या पलीकडून कांताआत्याला बघायला पाहुणे आले. मुलाने चहा पिता पिता तिला चालून दाखव म्हणून सांगितलं, मग परत चालून दाखव म्हणून सांगितलं आणि हसला. आत्याने आत येऊन त्याची कपबशी दोनदा घासली. घरात आबांचा, माझ्या आजोबांचा, शब्द शेवटचा. आजी गेल्यापासून ते फार कमी बोलत. पाहुण्यांना नकार देण्याइतकं बळ त्यांच्यात नव्हतं आणि होकार देण्याइतके ते दगड नव्हते. ते उठले, डोंगर चढले आणि त्यांनी विचारलं, "कांताला हितं द्यावी का न्हाई?"

"न्हाई... न्हाई..."

पाहुण्यांनी मुकाट्याने टोप्या घातल्या. डोंगरावर कोण रागावणार? जाताना त्यांनी वर आणखी एकेक कप चहा घेतला. सकरीबाईला हे कळलं तेव्हा ती शेळीला हाकता हाकता म्हणाली, "माणसानं न्हाई म्हणलं तर भांडण व्हतं. मायनं म्हणलं तर च्या व्हतो."

त्या दिवशी मला न्हाईमाय फार आवडली. किती घरांतल्या किती बायांनी ज्यांना तोंडावर नकार देता येत नव्हता, त्यांना तिच्या तोंडून तो दिला असेल... आत्याने त्या संध्याकाळी तांदळाची खीर केली आणि पहिली वाटी खिडकीत, डोंगराच्या दिशेने ठेवली. दादांनी ती बघितली आणि तशीच राहू दिली.

पण त्याच वर्षी, पाऊस ओसरताना सीताफळं डोळे उघडू लागली तेव्हा, आत्याचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला.

हे तिला किती हवं होतं ते मी सांगते. आजीच्या शेवटच्या आजारात तालुक्याच्या दवाखान्यात एक नर्स होती. तिने आजीची उशी नीट केली होती आणि विचारलं होतं, "माय, कुठं दुखतं?" बस, एवढंच. आत्या म्हणायची, आईला इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून तिने ठरवलं होतं. रात्रंदिवस अभ्यास केला, वस्तीतल्या लेकरांची नाडी बघून बघून आम्हाला हैराण केलं. आता नंबर लागला होता आणि आबांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी ते उठले, चप्पल घातली, आणि आम्ही सगळे समजलो ते कुठे निघाले ते.

"पोरगी नांदेडला धाडावी का न्हाई?"

"न्हाई... न्हाई..."

दादा पेटले. ते त्याच आठवड्यात हिंगोलीहून नवा गठ्ठा घेऊन जीपमधून उतरले. पोपटी कागद, वर ठळक अक्षरं: 'भुयार बोलत नाही! बोलता ते तुम्हीच!' प्रतिध्वनी म्हणजे काय, ते खाली सविस्तर, सोप्या भाषेत. अजून माझ्या मते ते दादांचं सगळ्यांत चांगलं पत्रक होतं. त्यांनी ते आधी आबांना वाचून दाखवलं. आबा बाजेवर बसून शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तिथून माझाच आवाज परत येतो म्हणतूस?"

"व्हय! तेच सांगून राहिलो!"

"मंग बराबर हाय की. माझा आवाज न्हाई म्हणला. माझं न्हाई हाय."

दादांनी हातातलं पत्रक गठ्ठ्यावर टाकलं.  गठ्ठा तसाच दाराशी पडून राहिला. आत्यानेच तो उचलून आत ठेवला आणि म्हणाली, "दादा, हे वाटू नकोस. त्या माईच्या जिवावर अजून कितीतरी पोरी वाचायच्या हायेत."

"आन् तू?" दादा म्हणाले.



दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोंगर चढू लागली, तशी मी मागे लागले. सीताफळांचा वास असतो तसा गोड, जरा जास्तच गोड दिवस होता. वाटेत मी साळिंदराचा काटा उचलला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याला शाईत बुडवून लिहिता येतं. आत्या गुहेपाशी बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आवाज न करता. मला तो अन्याय सहन होईना. पत्रकांवर वाढलेली पोर मी! दगडावर चढले आणि त्या काळ्या तोंडात मुठी आवळून ओरडले, "तू न्हाई म्हणलीस काहून?"

आतून आलं – "काहून... काहून..."

मी दचकले. आत्याने मान वर केली. न्हाईमाय आम्हाला जाब विचारत होती.

"परत वरड," आत्या हळूच म्हणाली. "आता उलटं. काहून म्हणलीस तू न्हाई."

मी ओरडले. "न्हाई... न्हाई..."

मग ती स्वतः उठली. 'आज सोमवार व्हय' – व्हय, व्हय. 'सकरीबाईची शेळी काळी' – काळी, काळी. तिने कितीतरी वाक्यं आत टाकली, लहान मुलगी विहिरीत खडे टाकते तशी, कान देऊन. गुहा लांब होती, वळणाची होती. आधीच्या सगळ्या शब्दांची आत एकमेकांत मिसळून नुसती गुणगुण व्हायची, आणि शेवटचा तेवढा स्वच्छ परत यायचा. आम्हाला प्रतिध्वनी ठाऊक होता. पण तो परत काय आणतो, याकडे वस्तीतल्या, गावातल्या, तांड्यातल्या कुणी कधी कान दिला नव्हता. आमच्या बोलीत प्रत्येक विचारणा 'का न्हाई'वर संपते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोंगराला नकार शिकवत होतो आणि तो खाली उतरून पाळत होतो.

"आबानं इचारलंच न्हाई गं," आत्या म्हणाली. "आबानं नुसता शेवट सांगितला."

मी टाळ्या पिटल्या. "मंग त्यायला शेवटी व्हय म्हणायला लाव! माय व्हय म्हणंल!"

आत्याने माझे हात धरले. तिच्या गालावर अजून ओल होती. "न्हाई, लेकरा. मंग माझं व्हय बी फसवून घेतल्यालं व्हईल."

त्या संध्याकाळी तिने आबांना एवढंच सांगितलं: पुन्हा विचारा, पण शेवटचा शब्द सोडून द्या. आबा म्हणाले, एक सवाल दोनदा विचारत नाहीत. आत्या म्हणाली, "सवाल तोच न्हाई, आबा. शेपूट तोडलं की बगा, कोणतं जनावर निघतं ते." आबांच्या मिशीत बारीक हसू आल्यासारखं मला वाटलं. पण ते गेले सकाळी, गंभीर होऊन, डोक्याचा रुमाल काढून हातात धरून. आम्ही दोघी मागे.

ते दगडावर उभे राहिले. डोळे मिटले. अजून दव होतं, घाणेरीची पानं हलत होती, आणि खाली पिवळ्या पडलेल्या सोयाबीनवरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"कांताला नांदेडला धाडावं का–"

त्यांची जीभ टाळूला लागलेली मी बघितली. आयुष्यभराची सवय ओठांपर्यंत आलेली. त्यांनी ती गिळली, आणि प्रश्न 'का'वरच तुटला.

"का..." आतून आलं. "का... का..."

वटवाघळं जराशी फडफडून पुन्हा शांत झाली. आबांनी डोळे उघडले. ते त्या अंधाराकडे बघत राहिले, जणू तिथे कुणी येऊन उभं राहिलं होतं. कौल मागायला आलेल्या माणसाला कौल मिळाला नव्हता. त्यालाच कारण विचारलं गेलं होतं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"मला भ्या वाटतं," आबा गुहेला म्हणाले.

"वाटतं... वाटतं..."

मग ते आत्याकडे वळले. "तुझी माय गेली. आता तू बी गेलीस तर घरात... मला भ्या वाटतं, पोरी. दुसरं काई न्हाई."

"मलाबी वाटतं, आबा," आत्या म्हणाली.

एवढंच झालं. आबा त्या दगडावर बसले, अनवाणीच. बाजूच्या झाडावरचं एक सीताफळ तोडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं, अर्धं आत्याच्या हातात दिलं. बिया थुंकत थुंकत, किल्ल्याकडे बघत, ते म्हणाले, "नांदेडची जीप कवा असती?"

नांदेडची जीप नसते, हिंगोलीला जाऊन एसटी धरावी लागते, हे त्यांना सांगताना आत्याला हसू आणि रडू एकदम आलं.

आता आबा नाहीत. आत्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आणि नव्या रुग्णाला पहिल्यांदा काय विचारते ते मला माहीत आहे. मागच्या दिवाळीत आम्ही दोघी पुन्हा वर गेलो. वाट आता सिमेंटची आहे. तोंडाला लोखंडी जाळी, जमिनीवर चकचकीत लाद्या. खारट भिंतीवर गिलावा फिरवला आहे, आणि त्याखाली मीठ, तांडा, सकरीबाईचा पणजा, सगळं बुजलं आहे. बाहेर मोठी पाटी आहे. तिच्यावर एकच कथा: राणीची. बाकीच्या दोन कथा कुणी पुसल्या असं म्हणता येत नाही. त्या कधी लिहिल्याच नाहीत. अशा न लिहिण्याचा मला पुसण्यापेक्षा जास्त राग येतो. त्यावर मी माझं पत्रक काढलं आहे, पोपटी कागदावर, आणि दादा ते अजून पंक्चर काढता काढता वाटतात.

पण खरं नुकसान आत आहे. कुणी हरवू नये म्हणून वळणावर भिंत घातली आहे. आत्याने जाळीला तोंड लावून हाक दिली, तर आवाज निघाला न निघाला तोच तिच्या तोंडावर येऊन आदळला. परत यायला त्याला दूरच कुठे जाता आलं नाही. घाणेरीचं झुडूप अजून आहे, पण त्याची पानं आता हलत नाहीत. आत्या जाळी सोडून मागे वळली आणि म्हणाली, "जाऊ दे. जे इचारायचं व्हतं ते तिनं इचारून झालं."

मला तसं वाटत नाही. आमच्या भागात, आणि तुमच्याही, कितीतरी घरांत आजही एखादी मुलगी दाराआड उभी राहून ऐकते आहे, आणि बाहेर कुणीतरी विचारतं आहे – पाठवावं का नाही? शिकवावं का नाही? म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आजच, जेवायला बसाल तेव्हा, तुमच्या घरात अडून राहिलेला तो प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने विचारा, आणि 'का'वर थांबा. शेवटचा शब्द गिळून टाका. तो 'का' परत येईल. न्हाईमाय नाही, म्हणून तो तुमच्या माणसांच्या डोळ्यांतून येईल. तेव्हा नजर वळवू नका. भीती वाटत असेल, तर भीती वाटते असं म्हणा.